विश्लेषण : पाणी निळेशार, पण स्वच्छ आहे का? घरच्या जलतरण तलावाच्या सफाईत नेमके काय मिळायला हवे?

लोणावळा, कर्जत, अलिबागपासून गोव्यापर्यंत ‘सेकंड होम’ घेणाऱ्यांच्या यादीत आता बागेच्या जोडीला जलतरण तलावही असतो. शहरांतल्या मोठ्या गृहसंकुलांत तर तो जाहिरातीचाच भाग झाला आहे. तलाव बांधला जातो, फोटो काढले जातात आणि मग सफाईचे कंत्राट कुणाला तरी दिले जाते. आठवड्यातून एकदोनदा माणूस येतो, जाळी फिरवतो, पांढरी पावडर टाकतो आणि निघून जातो. एवढ्यात काम झाले असे मानायचे का? त्या पैशांत घरमालकाला काय मिळायला हवे आणि काय राहून गेले तर धोका वाढतो, याचा हा आढावा.

पाणी निळे दिसते म्हणजे ते स्वच्छ असते का?

नाही. तलावाचा निळा रंग बराचसा टाइल्सचा आणि प्रकाशाचा असतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जुलाब, कानदुखी किंवा त्वचेच्या तक्रारी घडवणारे जंतू असू शकतात. म्हणून सफाईचे दोन भाग असतात. पहिला भाग दिसणारी घाण काढण्याचा : पाने, माती, शेवाळ, तेलकट थर. दुसरा भाग न दिसणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त करण्याचा. जाळी आणि ब्रशने पहिला भाग होतो. दुसऱ्यासाठी पाण्याची तपासणी आणि मोजून टाकलेले रसायन लागते. अनेक ठिकाणी पहिला भाग नीट होतो आणि दुसरा अंदाजपंचे.

पाणी नितळ असण्याला मात्र एक जिवाभावाचे कारण आहे. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरून दिसत नाही. काठावर उभे राहून तलावाच्या सर्वात खोल भागातील तळाची जाळी, म्हणजे ‘मेन ड्रेन’, स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये. ही कसोटी लावायला कोणतेही उपकरण लागत नाही.

सफाई कर्मचारी आल्यावर काय काय व्हायला हवे?

कामाला क्रम असतो आणि त्या क्रमाला कारण असते. आधी पाण्याचा नमुना घेऊन पीएच आणि क्लोरीन तपासले जाते. मग लांब दांड्याच्या जाळीने पृष्ठभागावरची पाने, किडे काढतात. त्यानंतर भिंती, पायऱ्या आणि पाण्याच्या पातळीजवळच्या टाइल्स ब्रशने घासतात. पायऱ्यांचे कोपरे आणि शिडीची मागची बाजू इथे पाणी फारसे फिरत नाही, म्हणून शेवाळ तिथूनच सुरू होते. घासलेली घाण तळाशी बसू दिल्यावर व्हॅक्यूम फिरवतात. व्हॅक्यूम आधी आणि ब्रश नंतर असे झाले तर घाण पुन्हा तळाशीच राहते.

यानंतरचे काम पंप हाउसमधले, म्हणजे घरमालकाला सहसा न दिसणारे. स्किमरची टोपली आणि पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी रिकामी करायची. वाळूच्या फिल्टरवरचा दाबमापक पाहायचा. फिल्टर स्वच्छ असताना जेवढा दाब असतो त्याहून तो ८ ते १० पीएसआयने वाढला, की बॅकवॉश करायचा. बॅकवॉश म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून वाळूत अडकलेली घाण बाहेर टाकणे. समोरच्या काचेतून पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटे तो चालतो. त्यानंतर थोडा वेळ ‘रिन्स’ करून मगच फिल्टर नेहमीच्या स्थितीत आणायचा. व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतले सील फाटते आणि बॅकवॉशचे पाणी गुपचूप गळत राहते.

रसायने टाकणे हे काम सर्वात शेवटी, पंप चालू ठेवून. आणि त्यानंतर वहीत नोंद.

पीएच आणि क्लोरीनचे गणित काय आहे?

पोहण्याच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा आणि मुक्त क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम, हा जगभर रूढ असलेला ठोकताळा आहे. एक पीपीएम म्हणजे एक हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम. भारतीय मानक संस्थेचे तलावाच्या पाण्यासाठी ‘आयएस ३३२८’ हे स्वतंत्र मानकही आहे.

हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. पीएच ७.५ असताना पाण्यातील मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग जंतू मारणाऱ्या जोमदार रूपात असतो. पीएच ८ वर गेला की हा वाटा पाव भागाच्या आसपास येतो. म्हणजे तेवढीच पावडर टाकूनही निम्मेच काम होते. म्हणूनच ‘क्लोरीन टाकले आहे’ हे उत्तर अपुरे आहे, पीएच किती होता हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. उलट पीएच फार खाली गेला तर डोळे चुरचुरतात, धातूचे भाग गंजतात आणि टाइल्समधला सिमेंटचा भराव खाल्ला जातो.

आता प्रमाण पाहू. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२५ मीटर खोल असेल तर त्यात ४० घनमीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी मावते. या पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचे तर ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागते. बाजारातील ६५ टक्क्यांचे दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरले तर साधारण ६२ ग्रॅम. आपल्या तलावात किती लिटर पाणी आहे हे सांगता न येणारा कंत्राटदार पावडर कोणत्या हिशेबाने टाकतो, हा प्रश्न त्याला जरूर विचारावा.

क्लोरीनचा उग्र वास येतो, म्हणजे क्लोरीन जास्त झाले का?

बहुतेकदा उलट असते. घाम, लघवी, अंगावरचे तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. तो ओळखीचा उग्र वास त्यांचा असतो आणि पोहल्यावर डोळे लाल होतात तेही बरेचसे त्यांच्यामुळेच. म्हणजे वास येतो तेव्हा कामाचे क्लोरीन संपत आलेले असण्याची शक्यता अधिक. यावर उपाय म्हणून रात्रीच्या वेळी क्लोरीनचा मोठा डोस देतात, त्याला ‘शॉक’ म्हणतात. त्यानंतर क्लोरीन नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत तलाव बंद ठेवावा लागतो. पाण्यात उतरण्याआधी साबणाने स्वच्छ अंघोळ केली, तर ही वेळ बऱ्याच अंशी टळते.

क्लोरीन टाकले की सगळे जंतू लगेच मरतात का?

नाही आणि हे फरक माहीत असलेले बरे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या (सीडीसी) माहितीनुसार, पीएच ७.५ आणि तापमान २५ अंश असलेल्या पाण्यात १ पीपीएम क्लोरीन असेल तर ई-कोलाय हा जिवाणू मिनिटभरात मरतो. हिपॅटायटिस ‘ए’च्या विषाणूला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला ४५ मिनिटे. मात्र क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक तग धरतो.

म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, हा नियम कोणत्याही रसायनापेक्षा मोलाचा आहे. तलावात कुणाला पातळ शौच झाले, तर सगळ्यांना बाहेर काढून २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास राखण्याची प्रक्रिया सीडीसीने सांगितली आहे. ही सायन्युरिक ॲसिड नसलेल्या पाण्यासाठी आहे. ‘थोडी पावडर टाकली, आता चालेल’ असे कुणी सांगितले तर ऐकू नये.

क्लोरीनची गोळी तरंगती ठेवली की काम भागते का?

काही काळ भागते. या गोळ्या बहुधा टीसीसीए या रसायनाच्या असतात. त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असते. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. आपल्याकडच्या कडक उन्हात त्याशिवाय उघड्या तलावातले क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होऊ शकते. त्यामुळे हे ‘स्टॅबिलायझर’ ३० ते ५० पीपीएमपर्यंत उपयोगी.

अडचण अशी, की क्लोरीन खर्च होते आणि सायन्युरिक ॲसिड पाण्यातच साठत जाते. गोळीतून प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड मिळते. रोज २ पीपीएम क्लोरीन खर्च होत असेल तर महिन्याला सुमारे ३६ पीपीएमची भर पडते. ते फार वाढले की क्लोरीन जखडल्यासारखे होते. तपासणीत आकडा चांगला येतो, तरी शेवाळ धरते. त्यावर सोपा उपाय एकच, काही पाणी काढून नवे भरणे. म्हणून महिन्यातून एकदा सायन्युरिक ॲसिडची तपासणी व्हायला हवी. केवळ पीएच आणि क्लोरीनच्या पट्टीवर ते कळत नाही.

‘आमचा तलाव मिठाचा आहे, क्लोरीन लागत नाही’ हा दुसरा गैरसमज. मिठाच्या यंत्रणेत विजेच्या साह्याने मिठापासून क्लोरीनच तयार होते. तिथेही तपासणी तेवढीच आवश्यक.

पाणी हिरवे झाले तर एका फेरीत ठीक होते का?

सहसा नाही. हिरवा रंग बहुतेकदा शेवाळाचा असतो. पीएच खाली आणणे, क्लोरीनचा मोठा डोस, भिंती पुन्हा पुन्हा घासणे, फिल्टर चोवीस तास चालू ठेवून वरचेवर बॅकवॉश करणे, असे काही दिवस चालते. मेलेले शेवाळ खाली बसवण्यासाठी आपल्याकडे तुरटी वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि ती उपयोगी आहे. मात्र तुरटीने पीएच खाली येतो, तो नंतर तपासून सावरावा लागतो. तळाशी बसलेला गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर, ‘वेस्ट’ला काढावा लागतो.

पाणी बोअरवेलचे किंवा टँकरचे असेल तर आणखी एक शक्यता असते. त्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी किंवा हिरवट होते. तिथे शेवाळाचे औषध टाकून पैसेच वाया जातात. जड पाण्याने टाइल्सवर आणि पाइपांत क्षारांचा पांढरा थर धरतो. म्हणून चांगला व्यावसायिक रसायन काढण्याआधी ‘पाणी कुठले भरता?’ असे विचारतो.

पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवावा का?

घाट आणि कोकणातल्या घरांसाठी हा प्रश्न महागात पडू शकतो. मुसळधार पावसात जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. भरलेल्या तलावातले पाणी आपल्या वजनाने हा खालचा दाब तोलून धरते. तलाव रिकामा असेल तर हा दाब तळाला वर ढकलतो. त्यातून तळाला तडे जाऊ शकतात, फायबरची टाकी तर होडीसारखी उचललीही जाऊ शकते. म्हणून पावसाळ्यात संपूर्ण तलाव रिकामा करण्याची सूचना कुणी केली, तर आधी बांधकाम करणाऱ्या अभियंत्याला विचारावे.

भरलेला तलाव तसाच सोडून मुंबई-पुण्याला परतणे हाही पर्याय नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. क्लोरीन संपलेला, पंप बंद असलेला तलाव म्हणजे आख्ख्या वस्तीची डोकेदुखी. पावसाच्या पाण्याने रसायने पातळ होतात, पाने आणि माती आत येते. त्यामुळे घर बंद असले तरी पावसाळ्यात फेऱ्या कमी करू नयेत.

किती पाणी खर्च होते?

वर घेतलेल्या उदाहरणातल्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाण्याची वाफ झाली, तर रोज सुमारे दोनशे लिटर पाणी उडते. ताशी १० हजार लिटरच्या पंपावर तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये पाचशे लिटर जाते. पातळी याहून वेगाने उतरत असेल तर गळतीचा संशय घ्यावा. एक बादली तलावाच्या पाण्याने भरून पायरीवर ठेवा, बादलीतली आणि तलावातली पातळी खुणेने नोंदवा आणि २४ तासांनी पाहा. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर ती वाफ. तलावात जास्त असेल तर गळती.

टंचाईच्या काळात तलावांवर सर्वात आधी निर्बंध येतात. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालून पाच हजार रुपयांचा दंड जाहीर केला होता. दरवर्षी सगळे पाणी बदलणे हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. फिल्टर आणि रसायनांचा तोल नीट राखला तर तेच पाणी दीर्घकाळ टिकते. पाणी सोडावेच लागले तर क्लोरीन उतरू दिल्याशिवाय ते ओढ्यात किंवा झाडांना सोडू नये, मासे आणि मुळे दोन्हींना त्याचा त्रास होतो.

सफाईच्या कामात कोणते धोके आहेत?

पहिला धोका रसायनांचा. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट हे दोन्ही ‘क्लोरीन’च असले तरी एकाच मगने काढले किंवा एकत्र झाले तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. रसायने वेगवेगळी, कोरड्या आणि हवेशीर जागी, कुलुपात ठेवावीत. विरघळवताना रसायन पाण्यात टाकायचे, रसायनावर पाणी ओतायचे नाही.

दुसरा धोका विजेचा. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे असावेत आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. त्याचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

तिसरा धोका तळाच्या जाळीचा. जाळी तुटलेली किंवा निखळलेली असेल तर पंपाच्या ओढीने केस किंवा हात-पाय अडकू शकतात. अमेरिकेत २००२ मध्ये अशाच प्रकारे सात वर्षांची एक मुलगी दगावली आणि २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. सफाईच्या प्रत्येक फेरीत जाळीचे स्क्रू तपासणे हे म्हणूनच कामाचा भाग आहे. जाळी निखळली असेल तर पंप बंद आणि तलावही बंद.

चौथा धोका काम करणाऱ्या माणसाचा. हातमोजे आणि गॉगलशिवाय त्याला ॲसिड हाताळायला लावू नये. ओसंडून वाहणाऱ्या तलावांना जमिनीखाली ‘बॅलन्सिंग टँक’ असतो. अशा बंदिस्त टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. तिथे कुणालाही एकट्याने, हवा खेळती न करता उतरू देऊ नये. काम कंत्राटदाराचे असले तरी घर आपले आहे.

करारात काय लिहून घ्यावे?

फेऱ्या किती, रसायने दरात धरली आहेत की वेगळी, पाण्याच्या कोणत्या तपासण्या किती दिवसांनी होणार, बॅकवॉश कोण करणार, पंप बिघडला तर किती तासांत माणूस येणार, हे लेखी असावे. गळती, निखळलेल्या टाइल्स, मोटर दुरुस्ती आणि फिल्टरची वाळू बदलणे ही कामे सहसा वार्षिक करारात येत नाहीत. वाळू साधारण पाच-सात वर्षांनी बदलावी लागते, त्याची तरतूद आधीच करावी. दर कमी असेल तर काय वगळले आहे ते पाहावे. बहुतेकदा तपासणीच वगळलेली असते.

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदवही. तारीख, वेळ, पीएच, क्लोरीन, दाबमापकाचा आकडा, टाकलेले रसायन आणि त्याचे वजन एवढे प्रत्येक फेरीला लिहिलेले असावे. गृहसंकुलात ही वही तलावाजवळ, रहिवाशांना दिसेल अशी ठेवावी. प्रत्येक पानावर पीएच ७.४ आणि क्लोरीन २ असेच आकडे असतील, पाऊस असो वा ऊन, तर ते तपासून लिहिलेले नाहीत असे खुशाल समजावे.

घरमालकाने स्वतः काय करावे?

आठवड्याची सफाई व्यावसायिकाची असली तरी रोजचे दिवस आपले असतात. तलाव वापरात असेल तेव्हा पंप रोज सहा-आठ तास चालू ठेवावा. ४० हजार लिटरचा तलाव आणि ताशी १० हजार लिटरचा पंप असेल तर सगळे पाणी एकदा फिल्टरमधून जायला चार तास लागतात. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत राखावी, नाहीतर पंप हवा ओढतो. तपासणीचा एक साधा संच घरी ठेवावा. वापरण्याची रीत पाच मिनिटांत शिकता येते. पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी तपासणी, मुले उतरण्याआधी तळाची जाळी दिसते का ते पाहणे आणि मुले पाण्यात असताना एक मोठे माणूस मोबाइल बाजूला ठेवून काठावर बसणे, ही तीन कामे कोणत्याही कंत्राटात येत नाहीत.